प्रौढ साक्षरता कशी ठरवायची, कशी मोजायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या माणसाचा दोन प्रश्न पिच्छा सोडत नाहीत. समोरची व्यक्ती साक्षर झाली असं कधी म्हणायचं? आणि ते कशावरून म्हणायचं? मी बरीच वर्षं प्रौढांचे वर्ग घेत आले आहे. नवे शिक्षक, स्वयंसेवक, सर्वेक्षणाला निघालेले विद्यार्थी हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. साक्षरतेचा कोणताही आकडा कानावर आला की आधी त्यामागची व्याख्या विचारा. व्याख्या बदलली तरी माणसं तीच असतात, आकडा मात्र बदलतो, आणि वर्गात कोणाला जागा मिळणार हे बऱ्याचदा त्या आकड्यावर ठरतं.

साक्षर म्हणजे नेमकं कोण?

सगळ्यांत जास्त वापरली गेलेली व्याख्या युनेस्कोची, १९५८ ची. स्वतःच्या रोजच्या जगण्याविषयीचं एखादं छोटं, साधं विधान जिला समजून वाचता येतं आणि लिहिताही येतं, ती व्यक्ती साक्षर. व्याख्या एका ओळीची आहे, पण तिच्यात तीन अटी आहेत. नुसतं वाचणं पुरेसं नाही, लिहिताही आलं पाहिजे. जे वाचलं ते समजलं पाहिजे. आणि मजकूर रोजच्या जगण्यातला असला तरी चालेल, त्यासाठी ग्रंथ उघडायची गरज नाही. मोजणीच्या वेळी यातली 'समजून' ही अट सर्वांत आधी गळून पडते, कारण ती तपासायला वेळ लागतो.

१९७८ मध्ये युनेस्कोने 'कार्यात्मक साक्षरता' वेगळी सांगितली. आपल्या समूहात नीट वावरण्यासाठी जिथे जिथे लेखन-वाचन लागतं, त्या सगळ्या व्यवहारांत ज्याला भाग घेता येतो आणि स्वतःच्या व समाजाच्या विकासासाठी वाचन, लेखन, आकडेमोड यांचा वापर पुढेही चालू ठेवता येतो, तो कार्यात्मकदृष्ट्या साक्षर. पुढे २००३ च्या तज्ज्ञ बैठकीतून आलेली व्याख्या आणखी रुंद होती. छापील आणि लिखित मजकूर ओळखणं, समजणं, त्याचा अर्थ लावणं, नवा मजकूर तयार करणं, दुसऱ्यापर्यंत पोचवणं आणि हिशेब करणं या सगळ्या क्षमता तिच्यात आल्या. साक्षरता हा शिकण्याचा सलग पट्टा आहे, हे तिने स्पष्ट म्हटलं. मला हे फार मोलाचं वाटतं. अमुक दिवसापर्यंत निरक्षर आणि दुसऱ्या दिवसापासून साक्षर, असा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

सही करता येणं म्हणजे साक्षरता का?

नाही. तरीही हे माप अतिशय जुनं आहे आणि इतिहासकारांना त्याशिवाय फारसा पर्याय नसतो. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत वधू-वरांनी सही करावी किंवा सही येत नसेल तर खूण करावी, असा नियम आला. त्या वह्यांतल्या सह्या आणि फुल्या मोजून अभ्यासकांनी त्या काळातल्या साक्षरतेचे अंदाज बांधले.

पण त्या काळी बऱ्याच ठिकाणी वाचायला आधी शिकवत आणि लिहायला नंतर. लिहिण्याची पाळी येण्याआधीच ज्याचं शिक्षण थांबलं, तो फुली मारायचा आणि तरीही छापील मजकूर वाचू शकायचा. स्वीडनमधलं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे १६८६ च्या चर्च कायद्यानंतर धर्मगुरू घरोघरच्या माणसांची वाचनाची परीक्षा घेऊन तिची नोंद ठेवत. वाचन सर्वदूर पोचलं, लेखन मात्र बराच काळ मागे राहिलं. मग त्या लोकांना साक्षर म्हणायचं की नाही? स्वीडिश पाद्र्याच्या वहीप्रमाणे होय, १९५८ च्या व्याख्येप्रमाणे नाही.

आजच्या वर्गात उलटं दिसतं. सही हे गिरवून गिरवून पाठ केलेलं एक चित्र असू शकतं. स्वतःचं नाव सफाईने लिहिणाऱ्या व्यक्तीला त्याच नावातलं एक अक्षर दुसऱ्या शब्दात दाखवा. ते ओळखता आलं तर अक्षर आलं असं समजा. तरीही कोणाला सही शिकायची असेल तर ती पहिल्याच आठवड्यात शिकवावी. अंगठ्याला लागलेली शाई किती बोचते, हे ज्याने सोसलं त्यालाच कळतं.

जनगणनेतला आकडा कुठून येतो?

बहुतेक वेळा विचारून. प्रगणक दारात येतो, घरातली एक व्यक्ती सगळ्यांची माहिती सांगते, आणि 'यांना लिहिता-वाचता येतं का?' याचं हो किंवा नाही नोंदलं जातं. भारताच्या जनगणनेत सात वर्षं किंवा त्याहून मोठी, कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकणारी व्यक्ती साक्षर धरतात. अट चांगली आहे, पण दारात उभं राहून ती तपासणार कशी? उत्तर दुसराच कोणीतरी देत असतो. सून सासऱ्यांबद्दल सांगते, मुलगा आईबद्दल. संकोच, अभिमान, अंदाज हे सगळं त्या एका शब्दात मिसळतं.

स्वतःविषयीचं उत्तरही वाटतं तितकं भरवशाचं नसतं. अमेरिकेत १९९२ मध्ये सुमारे २६ हजार प्रौढांची साक्षरता प्रत्यक्ष कामं देऊन मोजली गेली. सर्वांत खालच्या पातळीवर आलेल्यांपैकी दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश लोकांनी आपल्याला इंग्रजी 'चांगलं' किंवा 'खूप चांगलं' लिहिता-वाचता येतं, असं सांगितलं होतं. त्यांनी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. रोजच्या आयुष्यात जेवढं लागतं तेवढं त्यांना येत होतं आणि उरलेलं कोणीतरी वाचून दाखवत होतं. आपल्याला किती येतं, हे माणूस गरजेच्या मापाने ठरवतो.

मधला एक मार्ग अनेक देशांतल्या आरोग्य आणि लोकसंख्या सर्वेक्षणांत वापरतात. ज्यांचं शिक्षण कमी झालं आहे त्यांच्यासमोर एका साध्या वाक्याचं कार्ड धरायचं आणि मोठ्याने वाचायला सांगायचं. वाचता आलं नाही, काही भाग आला, पूर्ण वाक्य आलं, अशी नोंद होते. त्या भाषेतलं कार्ड नसेल किंवा व्यक्तीला दिसत नसेल तर ते वेगळं लिहितात. काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण नुसतं विचारण्यापेक्षा कितीतरी बरं. यात लेखन मात्र तपासलं जात नाही, हे विसरू नये.

कितवीपर्यंत शिकले, यावरून ठरवलं तर सोपं नाही का?

सोपं आहे, म्हणूनच ते वर्षानुवर्षं चाललं. अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९४७ मध्ये पाच वर्षांपेक्षा कमी शालेय शिक्षण झालेल्यांना कार्यात्मक निरक्षर म्हटलं. १९५२ मध्ये ही रेषा सहावीवर गेली, आणि १९६० मध्ये तिथल्या शिक्षण कार्यालयाने ती आठवीवर नेली. १९४७ मध्ये साक्षर ठरलेला सहावी शिकलेला माणूस १९६० मध्ये निरक्षर ठरला. तेरा वर्षांत त्याचं वाचन बिघडलं नव्हतं, समाजाची अपेक्षा वाढली होती.

शाळेत घालवलेली वर्षं आणि हाती आलेलं कौशल्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फ्रेंच भाषेत तर यासाठी दोन निरनिराळे शब्द आहेत: एक कधी शिकायलाच न मिळालेल्यांच्या स्थितीसाठी, दुसरा शाळेत जाऊनही लेखन-वाचन हाती न लागलेल्यांच्या स्थितीसाठी. दुसऱ्या गटातली माणसं वर्गात यायला जास्त कचरतात. 'शाळेत तर गेला होतात ना?' हा प्रश्न त्यांनी फार वेळा ऐकलेला असतो.

मग प्रत्यक्ष चाचणी घेतली की खरं चित्र कळतं का?

जास्त खरं कळतं. पण चाचणीच्या पोटातही माणसांनी घेतलेले निर्णय असतात, आणि ते माहीत नसतील तर निकाल चुकीचा वाचला जातो.

१९९४ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रौढ साक्षरता सर्वेक्षणाने १६ ते ६५ वयाच्या लोकांना खऱ्या आयुष्यातल्यासारखे मजकूर दिले: बातमी, वेळापत्रक, औषधाची सूचना, आलेख. सलग मजकूर वाचणं, तक्ते-फॉर्म वाचणं आणि मजकुरातले आकडे वापरणं अशा तीन गोष्टी ० ते ५०० च्या पट्टीवर स्वतंत्र मोजल्या. एकाच व्यक्तीला बातमी कळते पण वेळापत्रक कळत नाही, हे त्यामुळे नीट दिसलं. निकालांवर वादही झाले, फ्रान्सने तर आपले निकाल मागे घेतले.

याच वाटेवरचं आजचं मोठं सर्वेक्षण म्हणजे 'पिआक': ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने चालवलेली प्रौढांच्या कौशल्यांची मोजणी. त्याच्या पहिल्या फेरीची पहिली मोजणी २०११-१२ मध्ये २४ देश-प्रदेशांत झाली. दुसऱ्या फेरीत ३१ देश-प्रदेश होते आणि तिचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. त्यात १७६ च्या खाली गुण असतील तर 'पहिल्या पातळीच्याही खाली' आणि २२६ पर्यंत पहिली पातळी. पुढे दर ५० गुणांनी पातळी बदलते.

आता यातला निर्णय बघा. एखादा प्रश्न किती अवघड, हे सांगायला 'या गुणांची व्यक्ती हा प्रश्न किती वेळा बरोबर सोडवेल' हे ठरवावं लागतं. १९९२ च्या अमेरिकी सर्वेक्षणात ही शक्यता ८० टक्के धरली होती. २००३ च्या पुढच्या सर्वेक्षणात आणि पिआकमध्ये ती ६७ टक्के आहे. पाच प्रश्नांपैकी चार सुटले तरच 'हे येतं' म्हणायचं, की तिनांपैकी दोन सुटले तरी पुरे? उत्तरपत्रिकेतलं एकही अक्षर न बदलता, केवळ या निर्णयामुळे त्याच व्यक्तीला काय येतं याचं वर्णन बदलतं. ८० टक्के चूक आणि ६७ बरोबर, असं काही नाही. औषधाचा डोस वाचायचा असेल तर मला ८० सुद्धा कमी वाटतील. म्हणूनच कोणत्या कामासाठी मोजतो आहोत, हे आधी ठरवायला हवं.

या मोठ्या सर्वेक्षणांची आणखी एक अडचण आमच्यासारख्यांना जाणवते. ती पट्टीच्या मधल्या भागात बारकाईने मोजतात. आमचे शिकणारे पट्टीच्या तळाशी असतात आणि तिथे सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं जातं. जर्मनीतल्या 'लिओ' अभ्यासाने हा तळच उलगडला: एकेक अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, वाक्य वाचणारे, आणि सलग उतारा वाचता येणारे पण शुद्धलेखनात अडणारे. फार तर वाक्यापर्यंत पोचणाऱ्या, म्हणजे छोट्याशा सलग मजकुराशी अडणाऱ्या पहिल्या तिन्ही गटांचं मिळून प्रमाण २०१० च्या मोजणीत १८ ते ६४ वयोगटात १४.५ टक्के निघालं, २०१८ मध्ये १२.१ टक्के म्हणजे सुमारे ६२ लाख. अक्षरापासून शब्दापर्यंत आणि शब्दापासून वाक्यापर्यंत जायला प्रौढाला किती कष्ट पडतात, ते अशा पायऱ्यांवरच दिसतं.

मोठ्याने बिनचूक वाचलं म्हणजे समजलं ना?

देवनागरीत शिकवताना हा घोळ हमखास होतो. आपली लिपी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे चालते. मूळाक्षरं, काने-मात्रे आणि नेहमीची जोडाक्षरं बसली की अनोळखी शब्दही वाचता येतो, अर्थ माहीत असो वा नसो. त्यामुळे खणखणीत वाचणाऱ्या व्यक्तीला 'यात काय सांगितलंय?' असं विचारलं की ती गप्प होते.

कारण बहुधा वेगात असतं. एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून निसटलेली असते. अक्षरं जुळवण्यातच सगळं लक्ष खर्च होतं आणि अर्थासाठी काही उरत नाही. म्हणून आम्ही तीन गोष्टी वेगळ्या नोंदवतो: बिनचूकपणा, वेग आणि समज. समज तपासायला एक सोपी युक्ती आहे. काही वाक्यं द्या, त्यांतली काही अर्थाला धरून आणि काही निरर्थक, आणि कोणतं वाक्य पटतं ते विचारा. 'दगड उडत उडत झोपला' हे वाचून चेहऱ्यावर हसू आलं, तर समजलं.

कोणत्या भाषेत मोजायचं?

जिच्यात ती व्यक्ती शिकली किंवा जिच्यात तिला वाचायचं आहे, त्या भाषेत. आणि निकाल सांगताना भाषेचं नाव घेतल्याशिवाय सांगू नये. 'लिओ'च्या २०१८ च्या मोजणीत फक्त जर्मन तपासली होती. कमी साक्षर ठरलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांची पहिली भाषा जर्मनच होती. उरलेल्यांपैकी कित्येकांना दुसऱ्या भाषेत उत्तम लिहिता-वाचता येत असू शकतं. त्यांना निरक्षर म्हणणं म्हणजे त्यांच्या शिक्षणावर बोळा फिरवणं.

लिहिता-वाचता न येणारा माणूस विचारात कमी पडतो का?

नाही. या समजाला मोठा धक्का दिला तो लायबेरियातल्या वाई समाजाच्या अभ्यासाने. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी तो १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. वाई लोकांत तीन साक्षरता शेजारी शेजारी नांदत होत्या: शाळेतली इंग्रजी, कुराणपठणाची अरबी, आणि त्यांची स्वतःची वाई लिपी. ही लिपी शाळेबाहेर, एकमेकांकडून शिकली जायची आणि पत्रं, हिशेब यांसाठी वापरली जायची. साक्षरतेमुळे एकूणच विचारशक्ती वाढते, असं काही सापडलं नाही. ज्या कामासाठी जी लिपी वापरली जाते, त्या कामाशी जुळणारं विशिष्ट कौशल्य वाढतं, एवढंच दिसलं. अमूर्त कोडी सोडवण्यातला बराचसा फरक हा शाळेचा परिणाम होता, अक्षरांचा नव्हे.

आणि लक्षात घ्या, वाई लिपीत पत्र लिहिणारा माणूस इंग्रजी चाचणीत निरक्षर ठरला असता.

'अंगठाबहाद्दर', 'अक्षरशत्रू' हे शब्द मी वर्गात चालू देत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनीही २०१८ च्या अहवालात 'कार्यात्मक निरक्षर' हा शिक्का सोडून 'कमी साक्षरता' म्हणायला सुरुवात केली. मला हा बदल बरोबर वाटतो, कारण त्यात माणसाला नाव न ठेवता त्याच्या सध्याच्या कौशल्याविषयी बोललं जातं.

अंकज्ञान वेगळं मोजावं का?

हो. तोंडी हिशेबात पक्का असलेला माणूस कागदावरचं उदाहरण बघून थबकतो. त्याला बेरीज येते, बेरजेची लिखित मांडणी येत नाही. दोन्ही तपासा, आणि तोंडी आधी तपासा.

मोबाइल वापरता येतो म्हणजे साक्षरता आलीच की?

चित्रखुणा ओळखून, बोलून आणि ऐकून मोबाइलवर बरंच काही करता येतं. त्यात कौशल्य आहे, पण ते वाचन नाही. पडद्यावर आलेला मेसेज कोणाकडून आला, तो खरा की फसवा, हे ओळखायला मात्र मजकूर वाचून तोलावा लागतो. आणि आता चाचण्याच टॅबलेटवर होऊ लागल्यामुळे अपयश वाचनाचं की पडदा हाताळण्याचं, हे वेगळं करणं मोजणाऱ्याचं काम आहे.

दोन देशांचे किंवा दोन काळांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात का?

व्याख्या, वयोगट आणि पद्धत तीनही सारखी असतील तरच. एकीकडे ७ वर्षांपासून पुढचे आणि दुसरीकडे १५ पासून पुढचे धरले असतील तर तुलना सोडून द्या. युनेस्कोच्या अलीकडच्या अंदाजानुसार जगात ७० कोटींहून अधिक तरुण आणि प्रौढांना प्राथमिक लेखन-वाचन येत नाही, आणि त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. या अंदाजात कित्येक देशांचे विचारून मिळवलेले आकडे आहेत. प्रत्यक्ष तपासलं तर ही संख्या कमी होण्याची शक्यता मला दिसत नाही.

चाचणी घेताना काय जपावं?

पहिल्या भेटीत चाचणी घेऊ नये, हा माझा आग्रह आहे. प्रौढाच्या मनात परीक्षा म्हणजे बहुतेकदा जुनी छडी असते. आधी बोलावं, नाव-गाव नीट विचारावं, 'अहो-जाहो' करावं. चाचणी इतरांसमोर घेऊ नये. मुलांच्या पुस्तकातला ससा-कासव देऊ नये. त्याऐवजी खरा फॉर्म, बसची पाटी, औषधाची पट्टी द्यावी. चष्मा लागतो का, हे आवर्जून विचारावं. 'मला अक्षरं लागत नाहीत' म्हणणाऱ्या एका बाईंना मी दोन आठवडे मंदगती समजत होते. त्यांना जवळचं दिसतच नव्हतं. त्यानंतर मी फळ्याकडे वळण्याआधी डोळ्यांविषयी विचारते.

निकाल त्या व्यक्तीला सांगावा, आधी तिला, मग कार्यालयाला.

छोट्या वर्गात प्रगती नोंदवायची कशी?

मोठी चाचणी लागत नाही, एक वही पुरते. प्रत्येकाचं एक पान. वरती त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहा, तिला वाचायला कशासाठी शिकायचं आहे: नातवाचं पत्र, मजुरीची नोंद, देवाची पोथी, बसचा क्रमांक. खाली दर महिन्याला तीन ओळी. काय वाचलं, मदतीशिवाय किती जमलं, वर्गाबाहेर कुठे वापरलं. तिसरी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्गात वाचणारी व्यक्ती बाहेर वाचत नसेल, तर वर्ग संपल्यावर काही महिन्यांत अक्षरं पुसट होऊ लागतात, आणि मग 'साक्षर' म्हणून आधीच मोजल्या गेलेल्या तिच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. म्हणून वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने तीच वही उघडून, तोच मजकूर नव्हे तर तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा मजकूर द्यावा.

वरच्या ओळीतला हेतू बदलला तर तोही लिहून ठेवा. बसचा क्रमांक वाचायला आलेल्या एका गृहस्थांच्या पानावर आठव्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'मला अरज करायचा आहे.' अर्जातला रफार चुकला होता. त्या महिन्यात मी त्यांच्या नावापुढे लिहिलं: लेखन, मदतीशिवाय, एक पूर्ण वाक्य.